एकच पी-ई, तीन अर्थ

कंपनीचा शेअर स्वस्त की महाग हे ठरवताना बहुतेकांची नजर आधी पी-ई गुणोत्तराकडे जाते. शेअरचा भाव भागिले प्रतिशेअर नफा, इतके सोपे गणित. पण बँकेचा आठचा पी-ई, मोटार कंपनीचा आठचा पी-ई आणि दुकानांच्या साखळीचा आठचा पी-ई या तीन निराळ्या गोष्टी आहेत. तिघींच्या वह्यांत नफा वेगवेगळ्या वाटांनी येतो आणि वेगवेगळ्या जागी फसवतो. त्यामुळे शेअर जोखण्याआधी त्या धंद्यात पैसा कुठे अडकतो आणि कुठून निसटतो, ते पाहावे लागते.

बँकेच्या बाबतीत तर नेहमीच्या निम्म्या कसोट्या निकामी ठरतात. डोक्यावर फार कर्ज आहे म्हणून एखादा सिमेंट कारखाना बाद करता येतो. बँकेचा कच्चा मालच उसना पैसा. ठेवी म्हणजे तिने ग्राहकांकडून घेतलेले कर्ज. शंभर रुपयांच्या मालमत्तेमागे भागधारकांचे स्वतःचे साधारण आठ ते बारा रुपयेच असतात. भांडवल आठ रुपये असेल आणि मालमत्तेवर एक टक्का कमावला, तर भागधारकांना साडेबारा टक्के परतावा दिसतो. उलट मालमत्तेतले चार टक्के बुडाले की अर्धे भांडवल गेले. म्हणून बँकेचा भाव नफ्यापेक्षा पुस्तकी मूल्याशी, म्हणजे मालमत्तेतून देणी वजा जाता वहीत उरणाऱ्या भागधारकांच्या भांडवलाशी, ताडून पाहतात. भांडवलावर सातत्याने पंधरा-सोळा टक्के कमावणाऱ्या बँकेला पुस्तकी मूल्याच्या दुप्पट-तिप्पट भाव मिळतो. पाच-सहा टक्के कमावणारीला पुस्तकी मूल्याइतकाही मिळत नाही. २००८ नंतर युरोपातल्या अनेक मोठ्या बँकांचे शेअर वर्षानुवर्षे पुस्तकी मूल्याच्या खाली होते. ते स्वस्त दिसत होते, पण बाजाराचा मुळात त्या पुस्तकातल्या आकड्यांवरच पुरेसा विश्वास नव्हता.

तो आकडा किती खरा, हाच बँक तपासण्याचा गाभा. येस बँकेने २०१५-१६ या वर्षासाठी ७४९ कोटी रुपयांची अनुत्पादक कर्जे दाखवली होती. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत तोच आकडा ४,९२६ कोटी निघाला. ही तफावत २०१७ मध्ये जाहीर झाली, तरीही पुढच्या वर्षी शेअरने उच्चांक गाठला. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणले आणि स्टेट बँकेच्या पुढाकाराने ती बँक सावरावी लागली.

अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेची गोष्ट याहून बोलकी, कारण तिथे मूळ दुखणे बुडीत कर्जांचे नव्हतेच. ग्राहकांच्या ठेवींतून तिने अमेरिकी सरकारचे आणि गृहकर्जांवर आधारलेले दीर्घ मुदतीचे रोखे घेतले होते, म्हणजे परतफेडीच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित समजला जाणारा कागद. २०२२ मध्ये फेडरल रिझर्व्हने व्याजदर झपाट्याने वाढवले. नवे रोखे जास्त व्याज देऊ लागल्यावर जुन्यांचे भाव पडले. पण रोखे ‘मुदतीपर्यंत ठेवायचे’ या सदरात टाकले की पडलेला भाव नफा-तोटा पत्रकात दाखवावा लागत नाही. वर्षअखेरीस या सदरात सुमारे ९१ अब्ज डॉलरचे रोखे होते आणि त्यांचा बाजारभाव ७६ अब्ज. १५ अब्जांची ही तूट हिशेबाच्या टिपांत उघड छापलेली होती. बँकेचे सगळे भांडवल होते सुमारे १६ अब्ज. शिवाय ९० टक्क्यांहून जास्त ठेवींना विम्याचे संरक्षण नव्हते. ८ मार्च २०२३ रोजी बँकेने काही रोखे विकून १.८ अब्जांचा तोटा जाहीर केला. दुसऱ्या दिवशी ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर काढायला मागितले आणि १० मार्चला नियामकांनी बँक ताब्यात घेतली. बुडीत कर्जाच्या रकान्यावरून बोट फिरवणाऱ्याला यातले काहीच दिसले नसते. ठेवी कोणाच्या, किती जणांत वाटलेल्या, किती वेळात निघून जाऊ शकतात आणि त्या कोणत्या मुदतीच्या कागदात अडकवल्या आहेत, हे प्रश्न म्हणून भांडवल पर्याप्ततेइतकेच मोलाचे.

मोटार कंपनीत पैसा अडकतो तो कारखान्यात. साधे गणित घ्यावे. एखादी कंपनी दहा लाखांची एक अशा एक लाख गाड्या विकते. प्रत्येक गाडीचा माल आणि सुटा खर्च आठ लाख, म्हणजे गाडीमागे दोन लाख सुटले. एकूण दोन हजार कोटी. कारखाना, पगार, संशोधन यांचा ठरलेला खर्च दीड हजार कोटी. नफा उरला पाचशे कोटी. आता विक्री वीस टक्क्यांनी घटली तर सुटतात सोळाशे कोटी, पण ठरलेला खर्च तोच राहतो. नफा शंभर कोटींवर येतो. विक्री पाचव्या हिश्शाने कमी, नफा चार पंचमांशाने.

म्हणूनच वाहन उद्योगात कमी पी-ई हा बऱ्याचदा धोक्याचा बावटा असतो. तेजीच्या शिखरावर नफा फुगलेला असतो, त्याने भागले की शेअर स्वस्त दिसतो. टाटा मोटर्सने २००८ मध्ये २.३ अब्ज डॉलर देऊन जग्वार लँड रोव्हर घेतली, तेव्हापासून या पुण्या-मुंबईच्या कंपनीचे नशीब बऱ्याच अंशी ब्रिटन, चीन आणि अमेरिकेतल्या महागड्या गाड्यांच्या मागणीला बांधले गेले. चीनमधली मागणी मंदावल्यावर जग्वार लँड रोव्हरच्या मालमत्तेचे पुस्तकी मूल्य खाली आणावे लागले आणि ऑक्टोबर ते डिसेंबर २०१८ या एकाच तिमाहीत टाटा मोटर्सला २६,९६१ कोटी रुपयांचा तोटा दाखवावा लागला. त्या तोट्याचा मोठा भाग वहीतला होता, तिजोरीतून तेवढी रोकड गेली नव्हती. २०२३-२४ मध्ये हीच कंपनी ३१ हजार कोटींहून अधिक नफ्यात होती. त्यातही कराच्या हिशेबातून आलेला एकवेळचा वाटा होता. जुलै २०२४ मध्ये शेअर हजाराच्या बराच पुढे गेला तेव्हा त्या वर्षाच्या नफ्यावर पी-ई जेमतेम चौदा होता. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने आयात गाड्यांवर २५ टक्के शुल्क लावले आणि भाव सहाशेच्या खाली आला. अशा कंपनीचा नफा किमान सात-आठ वर्षांची सरासरी काढून पाहिला तरच काही अर्थबोध होतो.

गाड्यांची संख्या हाही भुलवणारा आकडा. जनरल मोटर्सने २००८ मध्ये ८० लाखांहून जास्त गाड्या विकल्या आणि १ जून २००९ रोजी दिवाळखोरीचा अर्ज केला. निवृत्तांच्या पेन्शन आणि आरोग्यखर्चाचे ओझे गाड्यांवरच्या मार्जिनला झेपले नाही. कंपनी पुन्हा उभी राहिली, पण जुन्या भागधारकांच्या हाती काही आले नाही. दुसऱ्या टोकाला टेस्ला. १ जुलै २०२० रोजी तिचे बाजारमूल्य टोयोटाच्या पुढे गेले. आदल्या वर्षी टेस्लाने पावणेचार लाखांच्या आत गाड्या विकल्या होत्या, टोयोटा समूहाने एक कोटीहून जास्त. टेस्लाचा २०२० चा नफा ७२ कोटी डॉलर होता आणि प्रदूषणविषयक सवलतपत्रे इतर मोटार कंपन्यांना विकून मिळालेली रक्कम १५८ कोटी डॉलर. गाड्यांच्या धंद्यातून नफा आला असे त्या वर्षापुरते म्हणता येत नव्हते. बाजार वीस वर्षांपुढचा अंदाज विकत घेत होता. तसा तो घेण्यात गैर काही नाही, पण आपण काय घेतो आहोत हे माहीत असावे.

किरकोळ विक्रीत मार्जिन इतके बारीक असते की चूक लपवायला जागाच उरत नाही. जानेवारी २०२४ ला संपलेल्या वर्षात वॉलमार्टची उलाढाल ६४८ अब्ज डॉलर आणि निव्वळ नफा १५.५ अब्ज, म्हणजे शंभराला अडीच रुपयेही नाहीत. इथे कमाई होते ती माल वर्षातून किती वेळा फिरतो यावर. विक्रीपेक्षा साठा वेगाने वाढू लागला की काहीतरी बिनसले आहे. मे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या टार्गेटने तिमाहीची विक्री चार टक्क्यांनी वाढल्याचे सांगितले, पण साठा ४३ टक्क्यांनी फुगला होता. लोकांनी टीव्ही आणि फर्निचर घेणे थांबवले होते आणि तो माल आता सवलतीत काढावा लागणार होता. त्या दिवशी शेअर सुमारे २५ टक्क्यांनी कोसळला.

विक्रीची वाढ वाचतानाही भेद करावा लागतो. नवी दुकाने उघडून एकूण विक्री कोणालाही वाढवता येते; जुन्या दुकानांची विक्री वाढते का, हा खरा प्रश्न. कॉस्टकोचे उदाहरण या क्षेत्रात वेगळे. २०२३ च्या आर्थिक वर्षात तिला केवळ सदस्यत्व शुल्कातून ४.६ अब्ज डॉलर मिळाले आणि कामकाजातला एकूण नफा ८.१ अब्ज होता. माल जवळपास लागत दराने विकायचा आणि आत येण्याचे पैसे घ्यायचे, असा हा धंदा. मग सदस्यत्वाचे नूतनीकरण किती जण करतात हा आकडा विक्रीपेक्षा महत्त्वाचा ठरतो. मुंबईच्या डीमार्टने बहुतांश दुकाने भाड्याने न घेता स्वतःच्या मालकीची ठेवली. त्यामुळे भाड्याचा भार हलका राहतो, पण विस्तारात भांडवल गुंतते. भाड्याच्या दुकानांवर चालणाऱ्या साखळीशी तिची तुलना करताना भाडेकरारांची देणी कर्जात धरावी लागतात. पुरवठादारांकडून येणाऱ्या सवलती आणि जाहिरातीचे पैसे ही आणखी एक अंधारी जागा. सप्टेंबर २०१४ मध्ये ब्रिटनच्या टेस्कोने कबूल केले, की सहामाही नफ्याचा अंदाज सुमारे २५ कोटी पौंडांनी फुगलेला होता. पुरवठादारांकडून पुढे मिळायचे पैसे आधीच जमेत धरले होते.

देश ओलांडून तुलना करताना हिशेबाचे नियमही आडवे येतात. युरोपीय पद्धतीत नव्या गाडीच्या विकासाचा बराच खर्च मालमत्ता म्हणून दाखवून पुढच्या वर्षांत वाटता येतो. अमेरिकी पद्धतीत तो साधारणपणे त्याच वर्षी खर्ची पडतो. फोक्सवॅगन आणि जनरल मोटर्स यांचे पी-ई शेजारी मांडण्याआधी हा फरक काढून टाकावा लागतो. मोटार कंपन्यांच्या एकत्रित ताळेबंदात त्यांच्या वाहनकर्ज शाखेची देणीही मिसळलेली असतात, तीही वेगळी काढावीत. तुलना करून शेअर घ्यायचे ठरलेच, तर भारतातून परदेशी शेअर थेट घेणाऱ्या निवासी व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पैसे बाहेर पाठवता येतात. अमेरिकी लाभांशावर तिथे २५ टक्के कर कापला जातो, त्याची वजावट इथल्या विवरणपत्रात मागता येते. परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात हे शेअर दाखवणे बंधनकारक आहे, त्या वर्षी एकही शेअर विकला नसला तरी.