रानमुलुखातील शिक्षण आणि यंत्रे

पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडचा मार्ग तुटतो, हे चंद्रपूर-गडचिरोलीकडील वाचकांस सांगावयास नको. जेथे शिक्षकच पोहोचत नाही, तेथे यंत्राने तरी विद्या न्यावी, हा विचार सहज सुचतो. तो वावगा नाही. मात्र संच नेऊन ठेविला की शिक्षण झाले, असे समजणारांशी आमचा मतभेद आहे.

2020 साली महामारीने शाळा बंद पडल्या, तेव्हा जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पाठमाला दाखविण्यात आली. बेत चांगलाच होता. परंतु ज्या झोपडीत संच नाही वा वीज टिकत नाही, तीस त्याचा काय उपयोग? शिवाय एटापल्ली-भामरागडकडील पुष्कळ मुलांच्या घरची भाषा माडिया वा गोंडी. पाठ मात्र मराठीतून.

ह्या बाबतीत 1956 सालचा पुण्याचा प्रयोग आजही अभ्यासण्याजोगा आहे. युनेस्कोच्या साहाय्याने पुणे नभोवाणी केंद्राने सुमारे 150 खेड्यांत श्रोतृमंडळे स्थापिली. प्रत्येकीत वीसेक खेडूत. आठवड्यातून दोन वेळा अर्धा-अर्धा तास, असे एकंदर 20 कार्यक्रम झाले. ऐकणे संपले की मंडळी त्याच विषयावर बोलत बसत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. टाटा समाजविज्ञान संस्थेने तुलना केली, तेव्हा नुसता रेडिओ असलेल्या गावांपेक्षा मंडळे असलेल्या गावांत ज्ञान बरेच अधिक वाढल्याचे दिसून आले. रेडिओ दोन्हीकडे होता. भेद बसून बोलण्याचा होता.

भाषेचा प्रश्न शेजारच्या छत्तीसगडात निराळ्या रीतीने हाताळला गेला. तेथे 2010 साली ‘सीजीनेट स्वर’ सुरू झाले. साध्या फोनवरून आपले म्हणणे गोंडीतही सांगावे, आणि ते इतरांनी फोनवरच ऐकावे, अशी ही योजना; अक्षरओळखीची गरज नाही.

आणि बसून बोलण्याची रीत आपल्याकडे नवीन थोडीच आहे! धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावी अभ्यासगटांची चाल जुनी आहे. जंगल, कायदा असा विषय घ्यावा, जाणत्यास प्रश्न पुसावेत, आणि निर्णय ग्रामसभेत सर्वानुमते करावा, अशी तेथील पद्धत. 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर वनावर गावास सामूहिक हक्क मिळाला, त्यामागे ह्या अभ्यासाचे बळ होते.

म्हणून आमची सूचना अशी की, बी-बियाण्याप्रमाणे पाठही मृगापूर्वीच गावात भरून ठेवावेत, म्हणजे पुढे तारायंत्रणा बंद पडली तरी अडणार नाही. पाठ माडिया-गोंडीत असावेत, संच सूर्यशक्तीवर चालावा आणि तो गोटुलात अगर समाजमंदिरात सर्वांदेखत लावावा. प्रश्न विचारून घेण्यास गावचीच एखादी शिकलेली मुलगी मानधन देऊन नेमावी. संच बिघडल्यास दुरुस्तीस कोठे न्यावयाचा आणि खर्च कोणी सोसावयाचा, हेही खरेदीपूर्वीच ठरवावे. कपाटात कुलूपबंद होऊन पडलेली यंत्रे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत.