झेपेल तेवढा डोस

इंदूर ओलांडून पश्चिमेला निघालं की होळकरांच्या जुन्या मुलखातलं हातोद लागतं. अशा गावात कुणाला तोंडाचा कर्करोग निघाला, की घरचे आधी सर्जनला गाठतात. गाठ काढणारा डॉक्टर सगळ्यांना कळतो, शेक देणाराही कळतो. सलाइनमधून औषध देणारा 'केमोवाला' मागाहून भेटतो आणि मग महिनोन्महिने त्याचीच पायरी चढावी लागते.

त्याची ही शाखा, म्हणजे मेडिकल ऑन्कॉलॉजी, तशी नवी. 1948 मध्ये बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन दिलं. ते औषध तयार करणाऱ्या लेडर्ले प्रयोगशाळेत संशोधनाची सूत्रं भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. मुंबईचं टाटा रुग्णालय 1941चं, पण मेडिकल ऑन्कॉलॉजीचा डीएम अभ्यासक्रम देशात सुरू व्हायला 1984 उजाडलं, तोही चेन्नईच्या अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी टाटात डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातलं पहिलं यशस्वी बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलं होतं. लहानपणी पोलिओ झालेले अडवाणी व्हीलचेअरवरून वॉर्ड फिरत.

हा डॉक्टर नेमकं करतो काय? डे-केअरमध्ये सकाळी तो आधी सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट बघतो. पांढऱ्या पेशी उतरल्या असतील तर त्या दिवशीची केमो रद्द, 'आठवड्याने या'. मग उंची-वजनावरून शरीराचं क्षेत्रफळ, त्यावरून डोस. मागच्या फेरीनंतर वजन उतरलं असेल, तर आकडे पुन्हा मांडायचे. डॉक्सोरुबिसिन, म्हणजे रुग्णांचं 'लाल औषध', शिरेबाहेर सांडलं तर कातडी जळते. म्हणून सिस्टर सुई लावल्यावर लगेच निघून जात नाही. शरीराला किती झेपेल याचा हा हिशेब जगभर सारखाच. खिशाला आणि रस्त्याला किती झेपेल, हा हिशेब मात्र इथे नव्याने मांडावा लागला, आणि माझ्या मते आपल्या डॉक्टरांची खरी कामगिरी तिथेच आहे.

टाटातल्या डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांनी डोकं-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगावर सलाइनमधल्या सिस्प्लॅटिनऐवजी दोन स्वस्त गोळ्या देऊन पाहिल्या: सुब्बारावांच्या काळातली मेथोट्रेक्सेट आणि सांधेदुखीवरची सेलेकॉक्सिब. 2020 मध्ये निष्कर्ष आले. सिस्प्लॅटिनवरच्या रुग्णांचं मध्यक (मीडियन) आयुष्य 6.1 महिने, गोळ्यांवरच्यांचं 7.5. फरक दीडेक महिन्याचा, पण तो घरी राहून मिळालेला. पुढे याच गटाने निव्होलुमॅब या महागड्या इम्युनोथेरपीचा अवघा 20 मिलिग्रॅम डोस अशा गोळ्यांना जोडून पाहिला. नेहमीचा डोस 240चा. वर्षभर तगलेल्यांचं प्रमाण 16.3 टक्क्यांवरून 43.4 टक्क्यांवर गेलं. कंपनी असला प्रयोग कशाला करेल?

रस्त्याचा हिशेब हातोदच्या जवळच, उज्जैनला मांडला गेला. डॉ. दिनेश पेंढारकर यांच्या पुढाकाराने मध्य प्रदेशात जिल्हा रुग्णालयांतल्या साध्या डॉक्टरांना आणि नर्सना केमो देण्याचं प्रशिक्षण मिळालं. उपचारांची आखणी तज्ज्ञाने करायची, पुढच्या फेऱ्या जिल्ह्यातच घ्यायच्या. तज्ज्ञ मोजके असलेल्या देशात याहून शहाणपणाचा तोडगा मला तरी दिसत नाही. मात्र रस्त्याचा हिशेब तिथेच संपत नाही: केमोनंतर दहाव्या दिवशी, पांढऱ्या पेशी तळाला असताना, रात्री ताप चढला तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघायची नसते. तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं. त्या वेळी हातोदहून कुठल्या रुग्णालयात जायचं आणि गाडी कुणाची, हे पहिल्याच फेरीला नातेवाइकांना विचारून केसपेपरवर लिहिणं हेही याच डॉक्टरचं काम.