श्वासातला प्लेग, लस आणि दोन जातींची माकडे

फुफ्फुसाच्या प्लेगावरील लस किती गुणकारी आहे, हे माणसांवर तपासता येत नाही. साथ कुठे उफाळेल हे आधी कळत नाही आणि लक्षणे दिसल्यापासून सुमारे २४ तासांत प्रतिजैविके मिळाली नाहीत, तर रुग्ण क्वचितच वाचतो. मादागास्करमध्ये २०१७ साली २,४०० हून अधिक रुग्ण नोंदले गेले, २०९ दगावले. ती साथही काही महिन्यांत ओसरली. ॲरिझोनात जुलै २०२५ मध्ये झालेल्या एका मृत्यूची बातमी जगभर गेली, पण अशा तुरळक रुग्णांवर लशीची चाचणी उभी राहत नाही.

म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २००२ पासून वेगळी वाट मोकळी केली: सुरक्षितता माणसांत तपासावी, गुण प्राण्यांत सिद्ध करावा. याच वाटेने २०१२ मध्ये लेव्होफ्लॉक्सासिनला प्लेगासाठी मान्यता मिळाली. औषधाचे काम त्यामानाने सोपे, कारण त्याचे रक्तातले प्रमाण मोजता येते. लस मात्र प्रत्येक प्राण्याच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीकडून काम करवून घेते आणि ती जातीगणिक बदलते.

प्रयोगाची सुरुवात बहुधा उंदरांपासून होते. लस टोचून काही आठवड्यांनी त्यांना जिवाणूंचा सूक्ष्म फवारा श्वासातून दिला जातो. मात्रा प्राणघातक मात्रेच्या कित्येक पट. मारलेल्या जिवाणूंची जुनी लस इथे कमी पडली. हाफकिन यांनी मुंबईत तयार करून जानेवारी १८९७ मध्ये स्वतःला टोचून घेतलेली लस याच प्रकारातली. गाठीच्या प्लेगात अशा लशींचा उपयोग झाला, श्वासातून आलेल्या जिवाणूंपुढे त्यांचा भरवसा नव्हता. दुर्बल केलेल्या जिवंत ईव्ही जिवाणूंची लस सोव्हिएत प्रदेशात वापरली गेली, पण तिचे दुष्परिणाम त्रासदायक होते.

नव्या लशींचा भर एफ-१ आणि व्ही या दोन प्रथिनांवर आहे. एफ-१चे वेष्टन जिवाणूला भक्षक पेशींपासून वाचवते. व्ही हे जिवाणूच्या सुईसारख्या यंत्रणेच्या टोकाशी असते आणि तिच्यातून पेशींत विषारी प्रथिने सोडली जातात. एफ-१ नसलेले जिवाणूही जीव घेऊ शकतात, म्हणून एकट्या एफ-१वर विसंबणे धोक्याचे.

या जोडीने उंदीर वाचले, सायनोमोल्गस माकडेही बहुतांशी वाचली. आफ्रिकी हिरव्या माकडांत मात्र संरक्षण तोकडे आणि बेभरवशाचे ठरले, तेही रक्तात प्रतिपिंडे तयार झालेली असताना. सगळ्या संशोधनातला सर्वात मोलाचा निकाल हाच. माणूस या दोहोंपैकी कोणाच्या जवळचा, याचे उत्तर नसताना केवळ प्रतिपिंडांच्या आकड्यावर लशीला मान्यता देणे घाईचे ठरेल.

म्हणून आता मोजमापे बदलत आहेत. लस घेतलेल्या माणसांचा रक्तद्रव उंदरांना देऊन ते तगतात का, हे पाहिले जाते. उंदरांवरील प्रयोगांत टी-पेशी आणि त्यांनी सोडलेले इंटरफेरॉन-गॅमा हेही बचावाला हातभार लावतात, असे दिसले आहे. टेक्सासमधील गॅल्व्हस्टन येथे अशोक चोप्रा यांच्या गटाने तीन जनुके काढून दुबळा केलेला जिवंत जिवाणू आणि प्लेगाची प्रथिने वाहून नेणारा ॲडिनोव्हायरस यांची जोडी उंदरांवर तपासली. तिने प्रतिपिंडे आणि पेशी दोन्ही जागवल्या. एफ-१ नसलेल्या जिवाणूंपासूनही संरक्षण मिळाले. या दिशेला पैसा आणि वेळ मिळायलाच हवा, पण अशा प्रत्येक लशीने आफ्रिकी हिरव्या माकडांची परीक्षाही द्यायला हवी.