किंक्स खरंच उपेक्षित आहेत का?

साठच्या दशकातल्या ब्रिटिश रॉकचा विषय निघाला की बीटल्स, रोलिंग स्टोन्स, हू ही नावं ओघाने येतात. मग कोणीतरी हमखास म्हणतं, 'आणि किंक्स? त्यांना कधी न्याय मिळालाच नाही.' उत्तर लंडनच्या मझवेल हिल भागातले रे आणि डेव्ह डेव्हिस हे दोघे भाऊ, बास गिटारवर पीट क्वेफ आणि ड्रम्सवर मिक एव्हरी, असा हा १९६४ सालचा संच. बहुतेक गाणी थोरल्या भावाची, म्हणजे रेची. अन्यायाची ही तक्रार आता इतकी रुळली आहे की ती कोणी तपासत नाही. तपासली तर ती अर्धीच टिकते, आणि टिकणारा अर्धा भाग चाहते सांगतात तो नव्हे.

गैरसमज १: किंक्सची कोणी दखलच घेतली नाही.

वस्तुस्थिती: 'यू रिअली गॉट मी' (१९६४), 'टायर्ड ऑफ वेटिंग फॉर यू' (१९६५) आणि 'सनी आफ्टरनून' (१९६६) ही तिन्ही गाणी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. तिसऱ्याने तर बीटल्सच्या 'पेपरबॅक रायटर'ला खाली उतरवून ती जागा घेतली. 'वॉटर्लू सनसेट' १९६७मध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचलं.

मानसन्मानांचीही वानवा नाही. १९९०मध्ये अमेरिकेतल्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये किंक्सचा समावेश झाला, त्याच वर्षी हूचाही झाला. २०१२च्या लंडन ऑलिंपिकच्या समारोपात रेने 'वॉटर्लू सनसेट' गायलं. किंक्सच्या गाण्यांवर उभ्या राहिलेल्या 'सनी आफ्टरनून' या संगीतनाट्याला २०१५मध्ये सर्वोत्तम नव्या म्युझिकलचं ऑलिव्हिए पारितोषिक मिळालं. २०१७मध्ये रे डेव्हिस 'सर' झाले. पुढच्या पिढ्यांतल्या वादकांनी तर ही गाणी आपली मानली: व्हॅन हेलनने १९७८मध्ये 'यू रिअली गॉट मी' वाजवलं, जॅमने त्याच वर्षी 'डेव्हिड वॉट्स', आणि प्रिटेंडर्सने लगोलग 'स्टॉप युअर सॉबिंग'. याला उपेक्षा म्हणायचं, तर कौतुक कशाला म्हणायचं?

गैरसमज २: 'यू रिअली गॉट मी'मधला तो गिटार सोलो जिमी पेजचा.

वस्तुस्थिती: पुढे लेड झेपेलिनमुळे प्रसिद्ध झालेला पेज त्या काळी लंडनच्या स्टुडिओंत रोजंदारीवर गिटार वाजवायचा. किंक्सच्या पहिल्या अल्बममधल्या काही गाण्यांत तो आहे, म्हणून ही दंतकथा जन्मली. हा सोलो मात्र सतरा वर्षांच्या डेव्हचा आहे, आणि आपण तो वाजवलेला नाही हे पेजनेही सांगितलेलं आहे.

सोलोपेक्षा महत्त्वाचा आहे तो गाण्याचा आवाज. डेव्हकडे एल्पिको कंपनीचा छोटा, स्वस्तातला ॲम्प्लिफायर होता. त्याच्या स्पीकरचा कागदी कोन त्याने ब्लेडने चिरला आणि त्यातून निघणारा फाटका, गुरगुरता आवाज दुसऱ्या मोठ्या ॲम्प्लिफायरमधून काढला. असा आवाज देणारे पेडल तेव्हा जेमतेम बाजारात येत होते. गाण्याचं पहिलं ध्वनिमुद्रण फार गुळगुळीत वाटलं म्हणून रे अडून बसला आणि ते पुन्हा केलं गेलं. आधीच्या दोन रेकॉर्ड आपटल्या असताना हा हट्ट धरणं धाडसाचं होतं. पुढच्या हार्ड रॉकची बरीचशी बीजं या दोन-सव्वादोन मिनिटांत आहेत, आणि त्यांचं श्रेय आजही सर्रास दुसऱ्याच्या खात्यावर मांडलं जातं.

गैरसमज ३: गाणी फार इंग्रजी वळणाची, म्हणून अमेरिकेत चालली नाहीत.

वस्तुस्थिती: पहिली तीन मोठी गाणी अमेरिकेतही पहिल्या दहांत होती. अडथळा आला तो १९६५च्या उन्हाळ्यातल्या दौऱ्यानंतर. तिथल्या वादकांच्या संघटनेने, अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्सने, किंक्सना परवाने देणं थांबवलं. कारण अधिकृतपणे कधी जाहीर झालं नाही. त्या दौऱ्यात पैशांवरून वाद झाले होते, आणि टीव्ही कार्यक्रमाच्या वेळी झालेल्या हाणामारीबद्दल रेने स्वतः सांगितलं आहे. बँडमध्येही सगळं आलबेल नव्हतं. त्याच वर्षी मे महिन्यात कार्डिफच्या रंगमंचावर एव्हरीने डेव्हच्या डोक्यात ड्रमसेटचा भाग घातला होता आणि डेव्हला टाके पडले होते.

दार पुन्हा उघडलं ते १९६९मध्ये. ही चार वर्षं कोणती होती ते पाहा. बाकीचे ब्रिटिश बँड याच काळात अमेरिकाभर फिरत होते, तिथे कायमचा श्रोतावर्ग बांधत होते. 'इंग्रजीपणा' हा बऱ्याच अंशी बंदीचा परिणाम होता, अपयशाचं कारण नव्हे. अमेरिका बंद झाल्यावर रेने आपल्या गल्लीकडे, शेजाऱ्यांकडे, बहिणींच्या संसाराकडे मोर्चा वळवला.

गैरसमज ४: रॉकमध्ये भारतीय सूर आणला तो बीटल्सनी, सतारीतून.

वस्तुस्थिती: सतार असलेलं 'नॉर्वेजियन वुड' डिसेंबर १९६५मध्ये आलं. किंक्सचं 'सी माय फ्रेंड्स' त्याआधी, जुलैमध्येच बाजारात होतं आणि त्याचा उगम मुंबईत आहे. त्या वर्षाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाला जाताना बँड मुंबईत थांबला होता. पहाटे कामावर निघालेल्या मच्छीमारांचं गाणं रेच्या कानावर पडलं आणि ते त्याच्या डोक्यात राहिलं.

या गाण्यात सतार नाही. गिटारचाच एक सूर तानपुऱ्यासारखा खाली धरून ठेवला आहे, आणि रेचा आवाज त्यावरून संथपणे घसरत जातो. अर्थात 'पहिलं कोण' हा वाद इथेही मिटत नाही, कारण यार्डबर्ड्सचं 'हार्ट फुल ऑफ सोल' जूनमध्येच आलं होतं. त्यांनी आधी सतार वापरून पाहिली आणि शेवटी जेफ बेकने तो भास गिटारवर उभा केला. फरक एवढाच की तिथे भारतीय वळण सुरावटीच्या एका तुकड्यापुरतं आहे. 'सी माय फ्रेंड्स'मध्ये अख्खं गाणं त्या धरलेल्या सुरावर उभं आहे.

गैरसमज ५: रे डेव्हिस हा जुन्या इंग्लंडसाठी उसासे टाकणारा कवी.

वस्तुस्थिती: हा सगळ्यात चिवट गैरसमज, कारण रेचे चाहतेच तो पसरवतात. रे बहुतेक वेळा स्वतःच्या तोंडून बोलत नाही, तो पात्रं उभी करतो. 'सनी आफ्टरनून'मध्ये करांनी बेजार झालेला श्रीमंत माणूस कुरकुरतो. आपल्याला त्याची कीव येते आणि हसूही येतं, दोन्ही एकदम. 'द किंक्स आर द व्हिलेज ग्रीन प्रिझर्वेशन सोसायटी' या १९६८च्या अल्बमच्या शीर्षकगीतात जतन करायच्या गोष्टींची यादी आहे. त्यात स्ट्रॉबेरी जॅमच्या शेजारी चक्क अमेरिकन डोनाल्ड डक बसला आहे. अशी यादी करणारा माणूस भूतकाळाला कवटाळत नसतो, कवटाळणाऱ्यांकडे मिश्कीलपणे पाहत असतो.

पुढच्याच वर्षीच्या 'आर्थर'मध्ये तर साम्राज्याच्या उताराचीच कथा आहे. रेची बहीण रोझी आणि तिचा नवरा आर्थर ऑस्ट्रेलियात स्थायिक झाले होते. त्या ताटातुटीतून हा अल्बम सुचला. त्यातल्या 'शांग्री-ला'चा नायक हप्त्यांवर घेतलेल्या घरात सुखाने बसला आहे आणि तिथून कुठेच जाऊ शकत नाही. रे त्याची थट्टा करतो, पण त्याला तुच्छ लेखत नाही.

पात्रांच्या बाबतीत आणखी एक समज: 'वॉटर्लू सनसेट'मधले टेरी आणि ज्युली म्हणजे टेरेन्स स्टँप आणि ज्युली क्रिस्टी हे सिनेनट. रेने हे नाकारलं आहे. गाणं लिहिताना आपल्या मनात परदेशी निघालेली बहीण आणि तिचा जोडीदार होते, असं त्याने सांगितलं आहे.

गैरसमज ६: 'लोला'तला विषय बीबीसीला झेपला नाही.

वस्तुस्थिती: १९७०च्या या गाण्यात एका तरुणाला सोहोमधल्या क्लबात लोला भेटते, आणि ती स्त्री की पुरुष याचा त्याला उलगडा होत नाही. बीबीसीची हरकत मात्र भलत्याच गोष्टीला होती: ओळीत आलेलं कोकाकोलाचं नाव. जाहिरात होते म्हणून ते चालणार नव्हतं. रेला अमेरिकेचा दौरा सोडून लंडनला यावं लागलं आणि त्या जागी 'चेरी कोला' गावं लागलं. गाणं ब्रिटनमध्ये दुसऱ्या आणि अमेरिकेत नवव्या क्रमांकावर गेलं.

गैरसमज ७: साठचं दशक संपलं आणि किंक्सही संपले.

वस्तुस्थिती: ब्रिटनपुरतं यात थोडं तथ्य आहे. अमेरिकेत उलट झालं. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे त्यांचे कार्यक्रम मोठमोठ्या बंदिस्त स्टेडियममध्ये भरू लागले. १९७९चा 'लो बजेट' अल्बम अमेरिकन यादीत अकरावा आला, आणि १९८३मध्ये 'कम डान्सिंग' सहाव्या क्रमांकावर पोचलं. हे आनंदी चालीचं गाणंही एका बहिणीच्या आठवणीतून आलेलं आहे. रेच्या तेराव्या वाढदिवसाला त्याला गिटार देणारी रेनी त्याच रात्री नृत्यगृहात नाचताना वारली होती. बँड थांबला १९९६मध्ये.

मग उपेक्षा झाली ती कशाची? एक, १९६६ ते १९६९ मधल्या चार अल्बमची. 'फेस टू फेस' ब्रिटनमध्ये बाराव्या क्रमांकावर गेला, 'समथिंग एल्स' पस्तिसाव्या, आणि 'व्हिलेज ग्रीन' व 'आर्थर' यादीत आलेच नाहीत. 'व्हिलेज ग्रीन' तर ब्रिटनमध्ये बीटल्सच्या 'व्हाइट अल्बम'च्याच दिवशी, २२ नोव्हेंबर १९६८ला आला. याच काळात कंपनीने काढलेले स्वस्तातले हिट गाण्यांचे संग्रह मात्र पहिल्या दहांत चढत होते. 'व्हिलेज ग्रीन'ला ब्रिटनमध्ये गोल्ड डिस्क मिळाली ती पन्नास वर्षांनी, २०१८मध्ये. ही चार वर्षं आणि अमेरिकेतल्या बंदीची वर्षं जवळजवळ तीच आहेत, हा योगायोग नव्हे.

आणि दोन, डेव्हची. रेला गीतकार म्हणून डोक्यावर घेताना त्याच्या गाण्यांना धार देणारा धाकटा भाऊ बाजूला पडतो. १९६७मध्ये डेव्हच्या नावावर तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलेलं 'डेथ ऑफ अ क्लाउन' आज कितीजणांना आठवतं? रेचं माप दुनियेने कधीच ओळखलं आहे. किंक्सला न्याय द्यायचाच असेल तर त्याच्यासाठी आणखी एका पुरस्काराची मागणी करू नका. हिट गाण्यांचा संग्रह बाजूला ठेवा, ते चार अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐका, आणि ऐकताना गिटारकडे कान द्या.