गाडीत पाणी येते कोठून?

मिरगाचा पाऊस लागला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पुतण्या माझ्याकडे आला. तोंड उतरलेले. म्हणाला, "काका, गाडीत पाणी झालंय. मागच्या सीटपुढं पाय ठेवला की चिखलात ठेवल्यासारखा वाटतो."

ही गाडी त्याच्या पोटापाण्याची. जुनी घेतलेली, हप्ते अजून चालू. सकाळी मुलांना शाळेत सोडायचे, दुपारी कोणी आजारी असेल त्याला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचे. ओल्या गाडीत आजारी माणूस कसा बसवणार? बरे, नुसता ओलावा असता तर एक वेळ चालले असते. पण गाडीच्या तळाच्या पत्र्याला आतून पाणी लागले की तो गंजतो. वर मॅट असते, म्हणून गंज दिसत नाही. काही पावसाळ्यांनी पत्रा पापडासारखा मोडतो. त्याच मॅटखालून विजेच्या वायरी गेलेल्या असतात. त्यांच्या सांध्यांत पाणी शिरले की आज दिवा बंद, उद्या भोंगा बंद, आणि परवा गाडी रात्री रस्त्यातच उभी.

पुतण्या एका गॅरेजात जाऊन आला होता. तेथे मागच्या काचेभोवती आणि मागच्या दारांभोवती ट्यूबमधला चिकट मसाला फासून दिला. बाराशे रुपये घेतले. पाऊस पडला, पाणी पुन्हा तेवढेच.

त्या कारागिराला मी लबाड म्हणणार नाही. पाणी जेथे दिसले तेथे त्याने औषध लावले. चूक झाली ती येथेच. आपल्या कौलारू घराचे बघा. कौल फुटते एकीकडे आणि थेंब पडतो दुसरीकडे. पाणी रिपेवरून वाशावर येते, वाशावरून सरकत सरकत खाली जाते आणि वाटेत एखादी गाठ लागली की तेथून टपकते. थेंबाच्या बरोबर वरचे कौल बदलणारा माणूस रात्रभर पातेली मांडत बसतो. गाडीचेही तसेच आहे. पाणी दिसते ती जागा वेगळी, शिरते ती जागा वेगळी.

तेव्हा पहिले काम हे, की पाणी कोणते आहे ते ओळखायचे. होय, पाण्यातही जाती आहेत! गाडीत तीन तऱ्हेचे पाणी असते.

एक पावसाचे. ते पाऊस पडला किंवा गाडी धुतली तरच येते.

दुसरे एसीचे. एसी हवा थंड करतो तेव्हा हवेतल्या वाफेचे पाणी होते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो ना, तोच हा प्रकार. हे पाणी एका नळीने गाडीखाली पडते. म्हणून एसी चालू असता गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकले तर घाबरू नये. ते ठिबकलेच पाहिजे. ती नळी धुळीने तुंबली की मात्र पाणी आत येते, बहुधा चालकाच्या शेजारच्या माणसाच्या पायाशी. ऊन पडले आहे, गाडी धुतली नाही, तरी तेथे ओले होते, म्हणजे एसीची नळी तुंबली असे समजावे. नळीचे खालचे तोंड साफ केले की बहुतेक वेळा काम भागते.

तिसरे पाणी इंजिनाचे. इंजिन थंड ठेवण्यासाठी रेडिएटरमध्ये पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण असते. ते हिरवे, गुलाबी, निळे असे रंगीत असते. हाताला बुळबुळीत लागते, वास गोडसर येतो. गाडीत हीटर असेल आणि तो गळत असेल तर हे पाणी पायाशी येते आणि पुढच्या काचेवर आतून तेलकट धुके धरते. गाडीखाली रंगीत डाग दिसला, तर रेडिएटर, त्याचे रबरी पाईप, पाईपांच्या क्लिपा आणि पाण्याचा पंप, एवढे बघायचे. क्लिप ढिली असेल तर पेचकसाने आवळता येते. पाईप चिरला असेल तर नवा घालावा. चिंधी गुंडाळून गाव गाठता येईल, पण तेवढेच.

येथे दोन गोष्टी बजावून सांगतो. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आत पाणी दाबाखाली असते, म्हणून शंभर अंशांच्या वर तापूनही ते उकळत नाही. झाकण फिरवले की दाब सुटतो आणि त्याच क्षणी उकळते पाणी व वाफ तोंडावर उडते. इंजिन पुरते थंड होऊ द्या. दुसरी गोष्ट, कूलंट विषारी आहे आणि चवीला गोड आहे. अंगणात सांडले तर कुत्रे चाटते, लहान मूल बोट घालते. ताबडतोब भरपूर पाण्याने धुऊन टाका, आणि त्याचा डबा पिण्याच्या पाण्याच्या डब्याशेजारी ठेवू नका.

पुतण्याच्या गाडीतले पाणी स्वच्छ होते, त्याला वास नव्हता, आणि ते पावसातच येत होते. म्हणजे पहिल्या जातीचे.

आता ते शिरते कोठून? रविवारी आम्ही दोघे बसलो. आधी बॅटरीची ऋण तार सोडली. मॅट आणि तिच्याखालचा फोम उचलला. आणि काय दिसले? मागचा फोम ओला होताच, पण पुढचा, डाव्या बाजूचा, त्याहून ओला! पिळला तर लोटाभर पाणी निघाले. वरची मॅट कोरडी, म्हणून आजवर कोणाला कळले नाही. अंगणात गाडी नेहमी चढाकडे तोंड करून उभी असते. पुढे शिरलेले पाणी दाराच्या उंबऱ्याजवळच्या पन्हळीतून, जेथून वायरी जातात तेथून, गुपचूप मागे जात होते.

आतला पत्रा फडक्याने पुसून सुकवला. मग माझ्या धंद्यातले हत्यार काढले, खडू! खडू कुटून त्याची भुकटी सांध्यांवर, दारांच्या कडांवर, पुढच्या कप्प्याखाली भुरभुरली. भुकटीवरून पाण्याचा एक थेंब गेला तरी त्याची वाट उमटते. तळाला वर्तमानपत्र पसरले. पुतण्या बॅटरी घेऊन आत बसला, दारे-काचा लावल्या, आणि मी बाहेरून पाईप धरला.

पाईप धरायचीही रीत आहे. पाणी खालून वर चढवत न्यायचे. आधी दाराच्या खालच्या कडेवर, मग काचेच्या कडेवर, मग पुढच्या काचेच्या तळाशी, शेवटी टपावर. प्रत्येक ठिकाणी पाच-दहा मिनिटे. एकदम टपावर ओतले तर ते सगळीकडे पसरते आणि कोठून शिरले ते कळत नाही. धार साधी असावी. गाड्या धुण्याच्या जोराच्या यंत्राने चांगल्या रबरातूनही पाणी आत जाते आणि उगाच संशय वाढतो. पाईप नसेल तर झाडांना पाणी घालायची झारी घ्या.

दारे झाली. कोरडे. दारांच्या काचा झाल्या. कोरडे. पुढच्या काचेच्या तळाशी, वायपरपाशी, पाणी सोडले. चार मिनिटे गेली, आणि आतून पुतण्या ओरडला, "आलं काका, आलं! कप्प्याच्या मागून आलं!"

बॉनेट उघडले. वायपरच्या खाली एक जाळी असते आणि जाळीखाली आडवी पन्हळ. काचेवरचे सगळे पाणी त्या पन्हळीत उतरते आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून खाली जमिनीवर जाते. आत येणारी हवाही तेथूनच घेतली जाते. जाळी काढून बघतो तर आंब्याची पाने, मोहराच्या काड्या, माती, सगळे कुजून त्याचा लगदा झालेला! उन्हाळाभर गाडी आंब्याच्या सावलीत उभी होती. डावे भोक पुरते बुजले होते. पाणी तुंबले, वर चढले, आणि हवेच्या वाटेने आत उतरले. मी हाताने अर्धी बादली घाण काढली. भोकात बांबूची बोथट काडी फिरवली आणि तांब्याभर पाणी ओतले. चाकामागे धार पडली. पै खर्च नाही.

आम्ही तेथे थांबलो नाही. एक भोक सापडले म्हणजे दुसरे नसेलच असे नाही. वर टपावर पाणी सोडले तेव्हा मागच्या खांबाजवळ खडूवर एक बारीक ओघळ उमटला. तो कॅरियरच्या नटापासून निघाला होता. कॅरियरवर पोती लादून नट हलतात, खालचे रबरी वायसर चिरतात, आणि भोकातून पाणी टपाच्या आतल्या कापडावर येते. नट काढला, गंज खरवडला, भोकाच्या कडेला रंग लावला, नवे वायसर घातले, थोडा सीलंट लावून नट आवळला. एरिअलच्या बुडाशीही असेच होते.

दारांबद्दल एक सांगतो, ते ऐकून पुष्कळांना नवल वाटते. दाराच्या पोकळीत पाणी शिरणे हा दोष नव्हे. काच खाली-वर करायची म्हणजे तिच्या कडेला फट राहणारच. पावसाचे पाणी त्या फटीतून दाराच्या पोटात उतरते आणि दाराच्या तळाशी ठेवलेल्या बारीक भोकांतून बाहेर जाते. चिखलाने ही भोके बुजली की दार उघडताना आत डबडब आवाज येतो. काडीने भोके मोकळी करावी. काही शहाणे लोक "येथून पाणी येतं" म्हणून हीच भोके मसाल्याने बंद करतात! मग दार आतून कुजते. दाराच्या आतल्या पुठ्ठ्यामागे एक प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. स्पीकर बसवताना तो फाटतो आणि पाणी आत येते. जाड प्लॅस्टिक नीट चिकटवावे, पण त्याची खालची कड दाराच्या पोकळीकडे वळवावी, म्हणजे ओघळ पोकळीतच पडेल.

दाराचे रबर दाबून बसते का, हे बघायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी. सहज निघाली तर तेथे रबर सैल आहे. रबर नुसते मळले असेल तर साबणाच्या पाण्याने पुसावे. सुटले असेल तर रबराच्या गोंदाने चिकटवावे, फाटले असेल तर बदलावे. डिकीत पाणी साठत असेल तर मागच्या दिव्यांची रबरे आणि जादा चाकाचा खड्डा बघावा.

आता मसाल्याविषयी. कसलाही मसाला कोठेही लावू नये. व्हिनेगारसारखा आंबट वास येणारा सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंज आणतो, आणि सिलिकॉनवर पुढे रंगही धरत नाही. पुढची काच जुन्या गाडीत रबरात बसवलेली असते. तेथे रबर उचलून काचेचा पातळ सीलंट सोडता येतो. नव्या गाड्यांत काच गोंदाने पत्र्याला चिकटवलेली असते आणि गाडीची मजबुती काही अंशी त्या काचेवर असते. ती गळत असेल तर काचेच्या कारागिराकडेच जावे. सीटखाली पिवळ्या आवरणाच्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या असतात. त्या ओढू-सोडू नयेत.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीची गोष्ट निराळी. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. अशी गाडी पाणी ओसरल्यावर चालू करून बघण्याचा मोह होतो. तो आवरावा. हवा दाबली की आकसते, पाणी आकसत नाही. इंजिनात पाणी असताना ते फिरवले तर आतला दांडा वाकतो आणि खर्च कितीतरी वाढतो. बॅटरी सोडून गाडी ओढत न्यावी.

आमच्या गाडीचे सुकवणे मात्र चार दिवस चालले. फोम स्पंजासारखा असतो. वरून कोरडा लागतो आणि पोटात ओला राहतो. दिवसा ओटीवर उभा करून ठेवला, ऊन आले की बाहेर काढला, रात्री चुलीच्या खोलीत टांगला. वहिनी कुरकुरल्या. पुतण्याने तळाचा गंज कागदाने घासला, गंजरोधक रंगाचे दोन हात दिले आणि रंग पक्का वाळल्यावरच मॅट घातली. मुलांना ते चार दिवस दुसऱ्याच्या गाडीने पाठवावे लागले, त्याचे पैसे गेले.

आर्द्राच्या पावसात त्याने मुद्दाम गाडी रात्रभर उघड्यावर ठेवली. आत पुन्हा वर्तमानपत्र पसरले होते. सकाळी मी चष्मा लावून तेच वर्तमानपत्र वाचायला घेतले. कोरडे होते.