चूल वेगळी झाली, धूर वाढला

१ नोव्हेंबर १९५६ ही तारीख आपल्या सीमाभागातील घरांना वेगळी सांगावी लागत नाही. राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. त्याच दिवशी नागपूरचा राजधानीचा मान गेला, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ ठरली. नागपूरच्या सचिवालयातील अनेक मराठी कुटुंबांनी आपला संसार बांधून भोपाळ गाठले. आपल्याकडे मराठी आणि कन्नड जशी एका घरात नांदते, तशी तेथे मराठी आणि हिंदी नांदू लागली. म्हणूनच लोकसंख्या आणि हवामानबदल यांचा हिशेब मांडताना भोपाळचे उदाहरण घ्यावेसे वाटते.

१९५१ च्या जनगणनेत भोपाळची लोकसंख्या सुमारे १ लाख २ हजार होती. २०११ मध्ये ती १७ लाख ९८ हजार झाली. म्हणजे साठ वर्षांत सतरा पटींहून अधिक! ही वाढ केवळ पाळणे हलल्यामुळे झाली नाही. राजधानी आली तसे टी. टी. नगर उभे राहिले. ‘हेवी इलेक्ट्रिकल्स’चा, म्हणजे आजच्या ‘भेल’चा, कारखाना आला आणि पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा भागांत कामगारांच्या वसाहती वसल्या. माणसे नोकरीसाठी आली, शिक्षणासाठी आली आणि तेथलीच झाली.

भोपाळ म्हटले की १९८४ ची वायुगळती आठवते. त्या विषारी वायूने एका रात्रीत हजारो घरे उद्ध्वस्त केली. आज आपण ज्याच्याविषयी बोलतो आहोत तो कार्बन डायऑक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो एका कारखान्यातून नव्हे, तर आपल्या रोजच्या जगण्यातून बाहेर पडतो.

दोष लोकसंख्येचाच का?

‘माणसे वाढली, मग धूर वाढणारच,’ असे आपण सहज म्हणतो. आकडे काय सांगतात? १९९० मध्ये भारताची लोकसंख्या सुमारे ८७ कोटी होती. २०२२ मध्ये ती सुमारे १४२ कोटी झाली. म्हणजे दीडपटीपेक्षा थोडी जास्त. याच काळात कोळसा, तेल आणि वायू जाळून होणारे कार्बनचे उत्सर्जन मात्र चौपटीहून अधिक वाढले. माणशी उत्सर्जन वर्षाला सुमारे पाऊण टनावरून दोन टनांच्या आसपास गेले. अर्थात जगाची सरासरी साडेचार टनांच्या वर आहे आणि अमेरिकन माणसाचा वाटा आपल्या कित्येक पट आहे, हेही विसरून चालणार नाही.

दुसरी गोष्ट पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात एका स्त्रीमागे सरासरी दोन मुले जन्मतात. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांत हे प्रमाण १.७ इतके खाली आले आहे. पाळणे कमी झाले, तरी उत्सर्जन वाढतेच आहे. मग वाढते आहे ते काय?

डोकी नव्हेत, चुली मोजा

याचे उत्तर आपल्या भाषेतच आहे. भाऊ वेगळे झाले की आपण म्हणतो, ‘चूल वेगळी झाली.’ कन्नडमध्ये चुलीला ‘ओले’ म्हणतात. मराठी कानाला तो शब्द भिजलेला वाटतो, पण आग दोन्हीकडे तीच! जनगणनेचे खातेही कुटुंब असेच ओळखते: एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे म्हणजे एक कुटुंब.

२००१ ते २०११ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या १७.७ टक्क्यांनी वाढली. कुटुंबांची संख्या मात्र सुमारे १९ कोटी २० लाखांवरून २४ कोटी ६७ लाखांवर गेली, म्हणजे २८ टक्क्यांहून अधिक वाढली. माणसांपेक्षा चुली कितीतरी वेगाने वाढल्या. याच दशकात दुचाकी असलेल्या कुटुंबांचे प्रमाण ११.७ वरून २१ टक्के झाले.

यात फरक कसा पडतो, ते साध्या हिशेबाने पाहू. एक फ्रिज वर्षाला २५० युनिट वीज घेतो असे धरा. आपल्याकडे एका युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे त्या फ्रिजचे झाले १७५ किलो. घरात सहा माणसे असतील तर माणशी २९ किलो. तिघेच असतील तर ५८. फ्रिज तोच, वाटा दुप्पट! टीव्ही, पंप, गाडी, भिंतींना लागणारे सिमेंट, सगळ्यांचे असेच. हा धूर भोपाळच्या घरात दिसत नाही, कारण तो सारणीसारख्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमणीतून, दूर बैतूल जिल्ह्यात निघतो.

वय आणि शहर

ब्रायन ओनील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये यावर एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोकसंख्यावाढ मंदावली तर २०५० पर्यंत आवश्यक असलेल्या उत्सर्जन-कपातीपैकी १६ ते २९ टक्के कपात त्यातून साधू शकते, असे त्यांनी दाखवले. म्हणजे पाळणा लांबवणे व्यर्थ नाही. पण त्याच अभ्यासात आणखी दोन बाबी होत्या. श्रीमंत देशांत समाज म्हातारा झाला की उत्सर्जन घटू शकते. भारत-चीनसारख्या देशांत मात्र शहरे वाढल्याने ते २५ टक्क्यांहून अधिक वाढू शकते. कारण शहरात आलेला माणूस अधिक कमावतो आणि अधिक खर्च करतो.

आपल्याकडे या दोन्ही गोष्टी एकदमच घडत आहेत. काल जन्मलेली मोठी पिढी आज कमावत्या वयात आहे आणि नवे संसार थाटते आहे. एक मुलगा पुण्याला, मुलगी बेंगळुरूला, आणि आई-वडील गावच्या सहा खोल्यांच्या घरात. पूर्वीच्या एका चुलीच्या तीन झाल्या.

म्हणून पुन्हा सर्वांनी एकाच वाड्यात राहावे, असे म्हणायचे नाही. वाड्यातील सुनांना विचारा, एकत्र चुलीचा भार कोणाच्या पाठीवर होता! वेगळे राहण्याने अनेक मुलींना शिक्षण आणि मोकळा श्वास मिळाला. तो परत घ्यायचा नाही. पण घरे वेगळी झाली तरी काही गोष्टी सामायिक ठेवता येतात. छपरावरची सौरवीज इमारतीने मिळून घ्यावी. आई-वडिलांचे घर मुलांच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असावे. आणि शहराने बस अशी चालवावी की दुसऱ्या गाडीची गरजच भासू नये.

२०२१ ची जनगणना लांबली. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही तारीख धरली आहे. ते आकडे येतील तेव्हा, वाचकहो, लोकसंख्येचा रकाना पाहून थांबू नका. शेजारचा कुटुंबसंख्येचा रकानाही वाचा. मुले जास्त असलेल्या गरीब घराकडे बोट दाखवण्यापूर्वी आपल्या नावावर किती चुली, किती मीटर आणि किती गाड्या आहेत, हेही एकदा मोजून पाहा.