विश्लेषण : घरकुल मिळेल, पण मुलांच्या मैदानाचे काय?

राज्याच्या नव्या गृहनिर्माण धोरणाने 2030 पर्यंत 35 लाख घरांचे उद्दिष्ट ठेवले आहे. मात्र, परवडणाऱ्या घरांसाठीचे बहुतेक नियम मोठी शहरे डोळ्यांसमोर ठेवून आखलेले आहेत. रत्नागिरीएवढ्या शहरात त्यातले काय लागू होते, घराबरोबर खेळायला जागा मिळते का, आणि आराखड्यात दाखवलेले मैदान हातचे का जाते, याविषयी...

धोरण काय सांगते?

राज्य मंत्रिमंडळाने 20 मे 2025 रोजी ‘माझे घर, माझा अधिकार’ हे ब्रीद घेऊन नवे गृहनिर्माण धोरण मंजूर केले. 2007 नंतरचे हे पहिलेच धोरण. आर्थिकदृष्ट्या दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी पाच वर्षांत 35 लाख घरे आणि 70 हजार कोटींची गुंतवणूक, ही त्यातली ठळक आकडेवारी. त्याच्या जोडीला केंद्राची पंतप्रधान आवास योजना आहेच. शहरी योजनेचा दुसरा टप्पा 2024 मध्ये सुरू झाला. त्यात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे अडीच लाख रुपये मिळतात. ग्रामीण योजनेत एक लाख 20 हजार रुपये मिळतात आणि त्यात राज्याने 2025 मध्ये 50 हजारांची भर घातली.

या घरांचा आकार लक्षात घ्यायला हवा. शहरी घरकुल किमान 30 चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे सव्वातीनशे चौरस फुटांचे. ग्रामीण घरकुल किमान 25 चौरस मीटरचे, तेही स्वयंपाकाची जागा धरून. पाच माणसांच्या कुटुंबात एवढ्या जागेत शाळकरी मुलाने खेळायचे कुठे, हा प्रश्न घराच्या दाराबाहेरच सुटू शकतो. घर जेवढे लहान, तेवढी बाहेरच्या मोकळ्या जागेची गरज मोठी. योजनांचे मोजमाप मात्र मंजूर घरे, पूर्ण घरे आणि वितरित हप्ते एवढ्यावरच थांबते.

मोठ्या शहरांचा नियम रत्नागिरीत का नाही?

खासगी प्रकल्पांतून परवडणारी घरे मिळवण्याचा राज्यातला सर्वात परिणामकारक मार्ग म्हणजे ‘20 टक्के सर्वसमावेशक योजना’. 4,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर प्रकल्प करणाऱ्या विकासकाने 20 टक्के हिस्सा दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी ठेवायचा आणि म्हाडाने ती घरे सोडतीत काढायची, अशी ही पद्धत. पण हा नियम 10 लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी केलेला आहे. रत्नागिरी नगर परिषदेची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 76 हजारांच्या आसपास होती. त्यामुळे शहरात कितीही मोठे संकुल उभे राहिले तरी त्यातला एकही गाळा या नियमाने अल्प उत्पन्न गटाकडे जात नाही.

म्हाडाच्या कोकण मंडळाच्या कार्यक्षेत्रात ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे पाच जिल्हे येतात. मंडळाने जुलै 2025 मध्ये 5,285 सदनिका आणि 77 भूखंडांची सोडत जाहीर केली. सदनिका ठाणे शहर-जिल्हा व वसई परिसरातल्या. भूखंड ओरोस आणि कुळगाव-बदलापूरचे. यादीतल्या 565 सदनिका 20 टक्के योजनेतून आल्या होत्या. मंडळाच्या नावात कोकण असले तरी घरांचा भार मुंबईच्या बाजूला आहे, हे त्यातून उघड दिसते.

मग रत्नागिरीकरांच्या वाट्याला उरते ते ‘स्वतःच्या जागेवर घर बांधा, अनुदान घ्या’. आणि कोकणात नेमकी तिथेच अडचण येते. सातबाऱ्यावर आजोबा-पणजोबांच्या वारसांची रांग असते. चुलत घराणे मुंबईत, कुणी पुण्यात, कुणाचा पत्ताच नाही. घराखालची जमीन पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीत असली तरी कागदावर ती सामाईक असते, आणि सहहिस्सेदारांच्या संमतीशिवाय घरकुलाची फाईल पुढे सरकत नाही. गणपतीत गावी आलेल्या चाकरमान्यांकडून सह्या घेण्याची धडपड अनेक वाड्यांत दरवर्षी चालते, ती यासाठीही. ज्याला जमीनच नाही त्याच्यासाठी ग्रामीण भागात पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. 500 चौरस फूट जागेसाठी तिची मर्यादा 50 हजारांवरून एक लाख झाली. आडगावात ही रक्कम पुरेल; शहराला लागून असलेल्या कुवारबाव, नाचणे, मिरजोळे, शिरगावसारख्या गावांत तेवढ्यात जागा मिळणे अवघड.

एकेकटे घरकुल बांधले गेले की ‘ले-आऊट’ होत नाही. ले-आऊट नाही म्हणजे मोकळी जागा ठेवण्याचे बंधनही नाही. म्हणून घरकुलांची संख्या वाढली तरी मैदान एकानेही वाढत नाही.

संकुलातल्या मोकळ्या जागेचा नियम काय?

मुंबई वगळता राज्याच्या बहुतांश भागाला 2 डिसेंबर 2020 च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीचे, म्हणजेच ‘यूडीसीपीआर’चे नियम लागू आहेत. 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा विकास करताना 10 टक्के क्षेत्र मनोरंजनासाठी मोकळे ठेवावे लागते. 0.4 हेक्टर म्हणजे जवळपास 40 गुंठे. त्याहून लहान जमिनींसाठी नियम वेगळे आणि सैल आहेत. कोकणातल्या जमिनीचे तुकडे मुळातच लहान. त्यामुळे 20-25 गुंठ्यांवर उभ्या राहिलेल्या तीन-चार इमारती शेजारी शेजारी आल्या की शंभर कुटुंबांची वस्ती होते, पण मैदान कुणाच्याच नकाशात नसते.

जिथे 10 टक्के जागा सुटते तिथेही ती कशी सुटते हे पाहण्यासारखे आहे. उताराचा कोपरा, पऱ्ह्याची कड, किंवा जिथे इमारत बसत नाही असा निमुळता पट्टा नकाशावर हिरव्या रंगात रंगवला जातो. कागद पूर्ण होतो. प्रत्यक्षात तिथे चेंडू टाकला तर तो थेट खालच्या वाडीत. या जागेवर व्यायामशाळा, समाजगृह अशा वापरासाठी मर्यादित बांधकाम करता येते, ते तिच्या 15 टक्क्यांपर्यंतच. बाकी जागा रहिवाशांच्या सामाईक वापराची असते. ती विकासकाला स्वतंत्रपणे विकता येत नाही.

राहिले इमारतीखालचे स्टिल्ट. सिंगापूरमध्ये सरकारी गृहसंकुलांचा तळमजला वस्तीसाठी मोकळा सोडण्याची पद्धत आहे. तिथे मुले खेळतात, लग्ने होतात, अंत्यविधीलाही लोक तिथेच जमतात. रत्नागिरीसारख्या, पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या भागात अशी छपराखालची जागा सोन्यासारखी. आपल्याकडे ती नियमानेच वाहनतळासाठी लागते आणि ‘येथे खेळू नये’ ही पाटी बहुतेक सोसायट्यांत पहिली लागते.

आरक्षित मैदान सुटते कसे?

नगर परिषद हद्दीत मैदान मिळवण्याचे दुसरे साधन म्हणजे विकास आराखड्यातले आरक्षण. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 नुसार आराखड्यात क्रीडांगण, बाग, शाळा यांसाठी खासगी जमीन आरक्षित करता येते. पण आरक्षण म्हणजे मालकी नव्हे. याच कायद्याच्या कलम 127 नुसार आराखडा लागू होऊन 10 वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर 24 महिन्यांत संपादन झाले नाही तर आरक्षण संपते आणि शेजारच्या जमिनीवर जे बांधता येते ते तिथेही बांधता येते. नुसता प्रस्ताव पाठवला, पत्रव्यवहार केला, म्हणजे संपादनाची पावले उचलली असे होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणात 2007 मध्ये स्पष्ट केले.

24 महिने पुरेसे वाटतात. पैसे नसले तर ते काहीच नाहीत. 2013 च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे शहरी हद्दीत मोबदला बाजारमूल्याच्या साधारण दुप्पट होतो. पाणीपट्टी-घरपट्टीवर चालणाऱ्या नगर परिषदेला शहराच्या मध्यभागी एक एकराचे मैदान विकत घेणे झेपत नाही. पर्याय म्हणून मालकाला रोख पैशांऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क देता येतो, विरळ वस्तीत जमिनीच्या दुप्पट, दाट वस्तीत तिप्पट. मात्र हा हक्क दुसऱ्या बिल्डरला विकता आला तरच त्याला किंमत. ठाण्यात तो विकला जातो. जिथे चार-पाच मजल्यांपलीकडे फारशी मागणीच नाही तिथे मालक हा कागद घेऊन काय करणार? पैसा नाही आणि हक्काला गिऱ्हाईक नाही, अशा शहरात दहा वर्षे निमूट वाट पाहणे मालकाला परवडते.

हद्दीबाहेर तर आराखडाच वेगळा. नगर परिषदेची सीमा संपली की ग्रामपंचायत सुरू होते आणि तिथे प्रादेशिक योजना लागू असते. 2001 ते 2011 या काळात रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 16.97 लाखांवरून 16.15 लाखांवर आली. शहराची मात्र 70 हजारांवरून 76 हजारांवर गेली. वाढीचा मोठा भाग हद्दीलगतच्या गावांत झाला, जिथे ग्रामपंचायतीकडे इमारती आहेत पण क्रीडांगणाचा आराखडा नाही. मुलांना खेळायचे तर शहरातल्या छत्रपती शिवाजी स्टेडियमपर्यंत जायचे, नाही तर भाट्ये-मांडवीच्या वाळूत, तेही ओहोटी असताना.

गावाच्या जागांचे काय?

जुन्या वस्तीत मैदान वेगळे आखावे लागत नसे. पालखी बसते ती सहाण, होळी उभी राहते तो माळ, देवळासमोरचे पटांगण आणि वरचा कातळसडा या सगळ्या जागा वर्षातले काही दिवस देवाच्या आणि उरलेले मुलांच्या. त्यातल्या कितीतरी सातबाऱ्यावर खासगी आहेत. चालत आले ते केवळ रिवाजाने. जमीन विकली गेली, चिरेबंदी गडगा पडला, की रिवाज कोर्टात सिद्ध करत बसावा लागतो. शिमग्याच्या पाच दिवसांपुरती वाट सोडायला नवा मालक तयार होतो, रोजच्या क्रिकेटला होत नाही.

सरकारी जागांवर उलटा पेच आहे. गुरचरण आणि गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवा, असे सर्वोच्च न्यायालयाने 28 जानेवारी 2011 रोजी जगपाल सिंग खटल्यात सांगितले. दुसरीकडे घरकुलासाठी शासकीय जागा द्या, असा आग्रह शासनाचाच. रत्नागिरीत सरकारी जमीन मुळात कमी. तीच घरांना दिली तर गावाची मोकळी जागा जाते, नाही दिली तर भूमिहीन कुटुंब ताडपत्रीखाली राहते. या दोघांना एकमेकांसमोर उभे करणे अन्यायाचे आहे. घरकुलांची वस्ती एकत्र वसवून तिच्यातच पाच-सहा गुंठे सोडले तर दोन्ही साधते. पण त्यासाठी अनुदान घरागणिक न देता वस्तीगणिक आखावे लागेल.

सर्वात जवळचा पर्याय जिल्हा परिषद शाळेचे पटांगण. शिक्षण हक्क कायदा, 2009 प्रत्येक शाळेला क्रीडांगण बंधनकारक करतो. वाड्यांतल्या शाळांचे पट घसरत आहेत. शाळा सुटल्यावर, किंवा पट शून्य होऊन बंद पडल्यावर, ते पटांगण वाडीसाठी उघडे राहील की कुलूपबंद, याचा निर्णय स्थानिक पातळीवर होऊ शकतो.

रहिवाशांच्या हाती काय?

घर घेण्यापूर्वी मंजूर नकाशातली मोकळी जागा प्रत्यक्ष जाऊन पाहणे ही पहिली गोष्ट. महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत प्रकल्पाचा नकाशा दिसतो. क्रीडांगणासह सर्व सुविधा आणि त्या केव्हा मिळणार याची तारीख विक्री करारात लिहिणे महारेराने 2024 मध्ये विकासकांना बंधनकारक केले. माहितीपत्रकातले रंगीत चित्र नव्हे, करारातली ओळ उपयोगी पडते.

विकास आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाले की हरकती-सूचनांसाठी 30 दिवस असतात. या मुदतीत बहुतेक हरकती जमीनमालकांच्या येतात, ‘माझ्या जागेवरचे आरक्षण उठवा’ अशा. ‘हे मैदान राहू द्या’ असे लिहिणारे अर्ज मोजकेच, कारण मैदानाला सातबारा असतो पण वारस नसतो. कायद्याच्या दृष्टीने शेजारच्या रहिवाशाचा शब्द हलका नाही. बंगळूरुत बागेची जागा खासगी रुग्णालयाला दिली गेली, तेव्हा परिसरातल्या रहिवाशांना दाद मागण्याचा अधिकार आहे असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये मानले आणि ते वाटप रद्द केले. गावांत हेच काम ग्रामसभेतून होऊ शकते. सहाण, माळ, शाळेचे पटांगण यांची यादी ठरावात नोंदवली, ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घातली, तर पुढे जमीन विकायला निघाल्यावर निदान एक कागद हाती असतो.